जुन्या नौकेसाठी सुटे भाग

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्यांची दुरुस्ती होते. बंदी उठल्यावर नौका निघाली नाही, तर मालकाबरोबर तांडेल व खलाशी यांचीही कमाई बुडते. भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर जिवावरच बेतते.

इंजिन जुने झाले आणि कारखान्याने ते प्रारूप बनवणे थांबवले, की त्याचे नवे भाग मिळेनासे होतात. मग वापरलेले भाग शोधावे लागतात. या शोधाची सुरुवात बाजारात नव्हे, तर आपल्याच नौकेवर होते. इंजिनावरील धातूच्या पट्टीवर प्रारूपाचे नाव व अनुक्रमांक असतो. तो उतरवून घ्यावा, बिघडलेल्या भागाची मापे घ्यावीत आणि शक्य असल्यास तो भागच सोबत न्यावा.

त्याच प्रारूपाचे इंजिन असलेली, मोडीत काढलेली नौका हा सर्वांत चांगला आधार होय. मुंबईतील दारूखाना हा भाग जुन्या जहाजी सामानासाठी ओळखला जातो. गुजरातमधील अलंग येथे १९८३ पासून मोठी जहाजे तोडली जातात. मोठ्या जहाजाच्या मुख्य इंजिनाचे भाग लहान नौकेला उपयोगी पडत नाहीत. परंतु साखळ्या, झडपा, पंप आणि जीवरक्षक होड्यांवरील लहान डिझेल इंजिने उपयोगी पडू शकतात.

भाग मिळाला तरी पारख करावी लागते. नौकेच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मध्यभागी बहुधा व्यास व पिच कोरलेले असतात. स्क्रू लाकडात शिरतो, तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे पिच. पिच जास्त असल्यास इंजिनावर भार पडतो आणि काळा धूर येऊ लागतो. पंखा उलट्या फिरण्याचा असेल, तर नौका पुढे जाण्याऐवजी मागे सरते. पितळी पंख्यावर गुलाबी छटा दिसली, तर खाऱ्या पाण्याने त्यातील जस्त खाल्ले आहे आणि धातू ठिसूळ झाला आहे, असे समजावे. इंजिनातील तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे हे ओळखावे.

काही वस्तू मात्र जुन्या कधीही घेऊ नयेत. रबरी नळ्या, पंपातील रबरी चाक, गॅस्केट आणि इंधनाच्या नळ्या नव्याच बसवाव्यात. वय झालेले रबर वरून धडधाकट दिसले तरी ऐनवेळी फाटते. खरेदीची पावतीही आवर्जून घ्यावी. चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

जुना भाग केवळ स्वस्त असतो म्हणून फायद्याचा ठरत नाही. माप, धातू आणि झीज तपासून घेतलेला भागच नौकेला सुखरूप परत आणतो.

पाठगत प्रश्न
१. सुट्या भागाचा शोध आपल्याच नौकेपासून का सुरू करावा?
२. पितळी पंख्यावरील गुलाबी छटा काय सुचवते?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या यंत्राचे कोणते भाग वापरलेले चालतील व कोणते नवेच हवेत, ते सकारण लिहा.