भोंगा का वाजतो?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी तात्यांची मोटार उभी असते. गाडी जुनी आहे. वीस वर्षे झाली असतील. मुलगा पुण्याला नोकरीस आहे. त्याने ती वापरलेली घेतली आणि वडिलांच्या दारात आणून लावली. त्याला कारणही तसेच होते. काकूंची मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. पहाटे साडेपाचला निघावे लागते. त्या वेळी रिक्षा मिळेलच असे नाही.

या गाडीला कारखान्यातूनच भोंगा बसवून आला आहे. रिमोटने गाडी बंद केली की हा भोंगा पहाऱ्यावर बसतो. मग कोणी दार उघडले, डिकी उघडली, बॉनेट उचलले, की तो ओरडतो. चोर पळावा, मालक जागा व्हावा, एवढेच त्याचे काम.

मागच्या पावसाळ्यात हा पहारेकरी बिघडला. मध्यरात्री उगाच ओरडू लागला. तात्या कंदिलासारखा मोबाईल धरून धावत जात. बघतात तो चोर नाही, मांजर नाही, काही नाही. गाडी आपली जागच्या जागी.

पहिल्या रात्री सारी गल्ली खिडकीत आली. दुसऱ्या वेळी लोक रागावले. चौथ्या वेळी मात्र एकही दिवा लागला नाही. तात्यांना शिव्यांचे काही वाटले नव्हते. पण ही शांतता त्यांना लागली. उद्या खरेच कोणी गाडीला हात घातला, तर कोण उठणार?

शेजारचे आबा सकाळी म्हणाले, "तात्या, कापून टाका की ती वायर! न्हाई भोंगा, न्हाई कटकट."

दुसरा म्हणाला, "पुराचं पाणी लागलंय गाडीला. आता ही सुधरत न्हाई. विका."

पुराची गोष्ट खोटी नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला मोठा पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. गाडी तेव्हा इथेच होती. अर्धी चाके पाण्यात बुडाली होती. तेव्हापासून गाडीचे काहीही दुखले की लोक पुराकडे बोट दाखवीत.

तात्या गाडी घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. तो भाग त्यांच्या ओळखीचा. त्यांचे निम्मे आयुष्य तिथल्याच एका फौंड्रीत गेले होते. गाड्यांच्या विजेचे काम करणारे एक मिस्त्री त्यांच्या माहितीचे होते.

मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. आधी विचारले, "कवा वाजतो?"

"रात्री."

"रोज?"

"रोज न्हाई. कधी कधी."

"कधी कधी म्हंजे कवा? तात्या, आठ दिवस लिहून ठेवा. वार, वेळ, पाऊस होता का न्हवता. मग या."

"आणि वायर कापली तर?"

"त्या भानगडीत पडू नका. बऱ्याच गाड्यांत भोंगा, दारांची कुलपं आणि इंजिन अडवणारी व्यवस्था एकाच पेटीत असते. भलती वायर तुटली तर इंजिन चालूच व्हायचं न्हाई. पहाटे काकूंना कसं नेणार?"

तात्या गप्प झाले. इंजिन अडवणारी ती व्यवस्था बहुतेक किल्लीतली खूण ओळखते. खूण पटली तरच इंजिन सुरू होऊ देते. हे आबांना कुठले ठाऊक? त्यांनी भल्यासाठीच सांगितले होते.

तात्या उतारवयात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकले. वर्गाची वही घरात होतीच. तिची मागची पाने कोरी होती. त्यांनी लिहिले:

सोमवार. रात्री २. पाउस.
मंगळवार. कोरडी रात्र. नाही वाजला.
बुधवार. पहाटे ४. पाउस जोराचा.
गुरूवार. कोरडी. नाही.

ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. पण आठ दिवसांनी ते पान मिस्त्रींनी वाचले आणि हसले. भोंगा फक्त पावसाच्या रात्री वाजत होता. वायरींना पुराचा गंज लागला असता, तर तो कोरड्या रात्रीही अधूनमधून वाजला असता. हा रोग पुराचा दिसत नव्हता. वरून येणाऱ्या पाण्याचा होता.

तरी मिस्त्रींनी बॅटरी आधी पाहिली. जुन्या गाडीत पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. बॅटरी उतरली की पेटीला वीज कमी पडते आणि ती बावचळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर मीटर लावला तर चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ दाखवले तर ती जवळजवळ रिकामी समजा. तात्यांची साडेबारा भरली. टर्मिनलवर पांढरी बुरशीसारखी पूडही नव्हती. रिमोटमधला बटणासारखा सेल जुना होता, तो बदलला.

मग दारांची पाळी. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक बटण असते. दार लागले की ते दाबले जाते. दार उघडले की सुटते आणि आतला दिवा लागतो. तेच बटण भोंग्याच्या पेटीलाही खबर देते. म्हणून ही परीक्षा तुम्ही घरीही करू शकता. रात्री गाडीत बसा, सगळी दारे लावा आणि दिव्याकडे बघा. काही गाड्यांत तो विझायला थोडा वेळ घेतो. तेवढे थांबा. तरीही दिवा विझला नाही, किंवा दार हलवताच लुकलुकला, तर त्या दाराचे बटण खराब आहे. तात्यांचा दिवा नीट विझला.

"आता राहिलं बॉनेट," मिस्त्री म्हणाले. "याची खबर आतल्या दिव्याला नसते. म्हणून हे चोर लवकर सापडत न्हाई."

बॉनेटखाली कडेला बोटाएवढे एक बटण होते. त्याची रबरी टोपी फाटलेली. आत तांबूस गंज, चिखल आणि ओल.

इथे विजेची एक गोष्ट समजून घेऊ. विजेला जायला वाट लागते, तशी परतायलाही लागते. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. त्याला अर्थ म्हणतात. तात्यांच्या गाडीत बॉनेट उचलले की बटण सुटते, वायर पत्र्याशी जोडली जाते, आणि पेटीला कळते की बॉनेट उघडले. आता टोपी फाटली. पावसाचे पाणी आत गेले. गंज, चिखल आणि पाणी यांनी मिळून वायर पत्र्याशी जोडली. बॉनेट बंदच होते, पण पेटीला खबर गेली, "उघडले!" भोंग्याने आपले काम केले. त्याच्याकडे आलेली खबरच खोटी होती. उन्हात बटण वाळले की खबर बंद.

काही गाड्यांत याच्या उलट असते. तिथे वायर तुटली की पेटी बॉनेट उघडे समजते. म्हणून एकाच्या गाडीचा उपाय दुसऱ्याने डोळे मिटून करू नये.

मिस्त्रींनी लगेच नवे बटण बसवले नाही. मला हे फार आवडले. त्यांनी त्या बटणाचा प्लग काढला, त्यावर प्लास्टिक बांधले आणि सांगितले, "आज पाऊस हाय. रात्र जाऊ द्या. न वाजला, तर हेच दुखणं. वाजला, तर फुकटचा खर्च वाचला." त्या रात्री धो धो पाऊस पडला. भोंगा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी नवे बटण बसले. काम करण्यापूर्वी मिस्त्रींनी भोंगा रिमोटने बंद केला, किल्ली काढली आणि बॅटरीची वजा खुणेची वायर आधी सोडली. जोडताना तीच शेवटी जोडली. अधिक खुणेची वायर आधी सोडायला गेले आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणग्या उडतात. काही भोंग्यांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. त्यांची मोठी बॅटरी सोडताच ते किंचाळतात. घाबरून पाना टाकू नये.

तात्यांच्या जावयाने मध्यंतरी १० चा फ्यूज काढून २० चा घालायचे ठरवले होते. मिस्त्रींनी ते ऐकून कपाळाला हात लावला. फ्यूज स्वतः जळून वायरीला वाचवतो. मोठा फ्यूज घातला तर तो शाबूत राहतो आणि वायर पेटते. फ्यूजवर आकडा असतो, रंगही असतो. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. आकडा वाचावा, तोच आकडा परत घालावा.

तात्यांनी वहीत आणखी दोन ओळी लिहिल्या. शनिवार. पाउस. नाही वाजला. रविवार. पाउस. नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला काकूंना घेऊन ते निघाले, तेव्हा गल्ली झोपेत होती. परतल्यावर आबा दारातच भेटले. तोंड आंबट.

"काय झालं, आबा?"

"काय व्हायचंय! तुमचा भोंगा वाजला न्हाई. मला जागच आली न्हाई. गंगावेशीतलं धारोष्ण दूध चुकलं की आज."