'डिप्रेस्ड' : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ

बाबासाहेबांची मूळ इंग्रजी निवेदने वाचू लागलेल्या विद्यार्थ्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' हे शब्द वारंवार भेटतात. आजच्या बोलण्यात 'डिप्रेस्ड' म्हणजे खिन्न, मन खचलेला. तो अर्थ तेथे लावल्यास सारा आशय बिघडतो. म्हणून या विशेषणाची आपण फोड करून पाहू.

मूळ : लॅटिन भाषेत 'दे' म्हणजे खाली व 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. दोन्ही मिळून 'देप्रिमेरे', खाली दाबणे. आपल्या जालना जिल्ह्यातील मुलांना हे कूळ परके नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठी बांधतात, ते 'प्रेसिंग' याच धातूचे. छापखान्याची 'प्रेस'ही तीच. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. 'एक्स्प्रेस' म्हणजे दाबून बाहेर काढणे, व्यक्त करणे. 'इम्प्रेस' म्हणजे दाबून ठसा उमटविणे.

उपयोग : 'डिप्रेसिंग' आणि 'डिप्रेस्ड' यांत विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. बातमी 'डिप्रेसिंग' असते, ती ऐकणारा 'डिप्रेस्ड' होतो. पहिला शब्द क्रिया करणाऱ्याचा, दुसरा क्रिया सोसणाऱ्याचा. तेव्हा 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे निराश वर्ग नव्हे, तर ज्यांना खाली दाबले गेले ते वर्ग. दाबले कोणी, हे मात्र हे विशेषण सांगत नाही. तो प्रश्न वाचकानेच विचारावयाचा असतो.

मराठीत या एका शब्दासाठी वेगवेगळे शब्द आले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले, तेव्हा मराठी नावात 'निराश्रित' हा शब्द होता. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या सभेच्या नावात 'बहिष्कृत' आला. निराश्रित म्हणजे आधार नसलेला. बहिष्कृत म्हणजे कोणीतरी बाहेर काढलेला. दुसऱ्या शब्दात अन्याय करणाऱ्याकडे बोट आहे. 'दलित' हा शब्द संस्कृत 'दल्' धातूचा. जात्यावरचे आपले 'दळणे' त्याच कुळातले.

पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेपुढील पुरवणी निवेदनात बाबासाहेब व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावालाच हरकत घेतली व ते बदलण्याची मागणी केली. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' ही संज्ञा आली. 'शेड्यूल' हाही लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ कागदाचा लहान तुकडा, त्यावरून यादी. म्हणजे अवस्था सांगणारे विशेषण गेले आणि कायद्याच्या यादीतील नोंद सांगणारे आले. त्या नोंदीला हक्क जोडलेले होते.

शब्दाचे मूळ शोधणे हे केवळ परीक्षेचे काम नाही. आपल्याला कोणते नाव दिले गेले आणि त्यात काय दडले आहे, हे ज्याला कळते त्याला ते नाव नाकारताही येते.

सरावासाठी : 'ऑप्रेस्ड' व 'सप्रेस्ड' यांचे उपसर्ग शब्दकोशात पाहा आणि प्रत्येकाचे एक वाक्य लिहा. वाक्यात दाबणारा कोण, हे अवश्य लिहा.