इथ्रोचा सल्ला आणि घरपोच फिजिओथेरपी

शास्त्रभाग : निर्गम 18:13-27



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे. सासरा इथ्रो याने त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमायला सांगितले. अवघड तेवढेच मोशेकडे यावे. मला तर यात दहांवरचा नायकच सर्वांत मोलाचा वाटतो.

धडगावकडच्या पाड्यांवर फिरताना हा अध्याय सारखा आठवतो. लकवा झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आखडलेला हात रोज हलवावा लागतो. महिन्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट हे कसे करणार? ते सुनेने, नातवानेच करायचे. थेरपिस्टने तपासावे, व्यायाम ठरवावा आणि पावरी बोलणाऱ्या कार्यकर्तीच्या मदतीने घरच्यांना शिकवावे.

म्हणून पूर्णवेळ एकापेक्षा भेटीमागे मानधन घेणारे तिघे-चौघे मला बरे वाटतात. पेरणीत दिवसा घरी फक्त रुग्णच असतो, शिकवायचे कोणाला? दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. भेटीचे दिवस त्याप्रमाणे बदलले पाहिजेत.

तुमच्या मंडळीत कोणी फिजिओथेरपिस्ट असल्यास विचारा : महिन्यातले दोन दिवस देता येतील का? त्या दोन दिवसांचा जीपखर्च मंडळी उचलेल का?