हॉट टबच्या बाजूच्या फळ्या : दुरुस्ती आणि रंगकाम

रिसॉर्ट किंवा फार्महाउसच्या अंगणात ठेवलेल्या हॉट टबला आत ॲक्रिलिकचे भांडे, भोवती पाइप, पंप, हीटर आणि बाहेरून स्क्रूने बसवलेल्या फळ्या असतात. या फळ्यांचे काम आपल्याकडील सुतार व रंगारी बंधूंना सहज जमण्यासारखे आहे. मात्र घाईने केलेले काम पुढच्या पावसाळ्यात फुकट करून द्यावे लागते.

रंग समोरून उडालेला दिसतो, पण लाकूड बहुधा मागून आणि खालून कुजते. टबचे पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस तापलेले असते. पाइपाचा एखादा जोड गळत असेल तर ओल आतच कोंडते. म्हणून प्रथम मेन स्विच बंद करावा, मगच फळ्या काढाव्यात आणि प्रत्येकीच्या मागे नंबर लिहावा. आत ओल दिसली तर मालकाला ताबडतोब दाखवावी. गळती काढल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये, आणि तिचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहावेत.

फळीच्या खालच्या कडेला टोच्या टोचून पाहा. तो सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा. कुजक्या लाकडावर लांबी टिकत नाही. फळ्या सावलीत, हवेशीर जागी, उभ्या करून काही दिवस वाळवाव्यात. ओलावामापक असल्यास आकडा १५ टक्क्यांच्या खाली यावा. नंतर ८० नंबरचा, मग १२० चा पॉलिशपेपर मारून धूळ पुसावी.

पुढे प्रायमर व बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग, दोन हात. सीडरच्या फळ्यांना डाग अडवणारा प्रायमर लागतो, नाहीतर लाकडाचा तपकिरी रस वर येतो. मागची बाजू व कापलेल्या कडा यांनाही प्रायमर हवाच. बहुतेक जण नेमके हेच सोडतात, कारण गिऱ्हाईक तेथे पाहत नाही!

प्लॅस्टिकच्या फळ्यांना प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो. पॉलिथिनवर तर रंग धरतच नाही. ती फळी बदललेली बरी.

बसवताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत आणि फळी जमिनीला टेकू देऊ नये. हवेच्या फटी रंगाने बुजवू नयेत व पंपाचा दरवाजा चिकटू देऊ नये. मोटर त्याच्याच मागे असते.