५.४ हिशेबनिसाची कार्यालयीन वागणूक आणि भाषा

किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मराठीत जुने आहेत. त्यांच्यासोबत लेखनाची एक शिस्तही चालत आली आहे. तिचा पहिला नियम असा, की वहीत खाडाखोड करू नये. आकडा चुकल्यास त्यावर एकच आडवी रेघ मारावी. जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी योग्य आकडा लिहून तारीख व आद्याक्षरी करावी. संगणकामुळे हा नियम कालबाह्य झाला, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. लेखा-सॉफ्टवेअर वापरणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येऊ नये, असे बंधन १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आडवी रेघ आता यंत्र मारते, इतकेच.

दुसरी सवय संयमाची. समजा, तेरीज जुळत नाही आणि फरक ९०० रुपयांचा आहे. अशा वेळी रोखपालाकडे संशयाने पाहण्यापूर्वी फरकाला नऊने भागून पाहावे. भाग पूर्ण जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ४,५०० ऐवजी ५,४०० लिहिले गेले की नेमका हाच फरक पडतो. हिशेबातील चूक दुरुस्त होते. 'पैसे कोणी घेतले?' हा चारचौघांत विचारलेला प्रश्न मात्र परत घेता येत नाही.

येथेच भाषेचा संबंध येतो. 'आपण पावत्या दिलेल्या नाहीत' या वाक्यात आरोप आहे. 'आपल्या प्रवासखर्चाच्या देयकासोबत निवासाची पावती आढळली नाही. ती मिळताच रक्कम अदा करता येईल' या वाक्यात वस्तुस्थिती आहे आणि पुढचा मार्गही आहे. दुसरे वाक्य लांब असले, तरी काम त्यानेच होते.

गोपनीयतेबद्दल थोडेच सांगणे पुरे. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ नुसार अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. कायद्याने तसे करणे आवश्यक असेल तेवढाच अपवाद. सहकाऱ्याचा पगार चहाच्या टेबलावर सांगणारा लिपिक या कलमात येत नाही. परंतु त्याच्या हाती पुन्हा कोणी निर्धास्तपणे कागद देत नाही.

स्वाध्याय : एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अग्रिम रकमेचा हिशेब मुदतीत सादर केलेला नाही. त्यांना सुमारे ६० शब्दांचे स्मरणपत्र लिहा. रक्कम अंकी व अक्षरी, दोन्ही प्रकारे नमूद करा.