कानाने लावलेला कार्बोरेटर

"अजी, तुमचं पेट्रोलच भेसळीचं असन." इंजिनाचा एक नटही ढिला केला नव्हता, तरी मिस्त्रीचं निदान तयार! त्याच पंपावर अर्धं चिमूर पेट्रोल भरतं. जाम झाली ती एकटी माझी आरएक्स 100 मोटरसायकल.

मे महिन्यात यानेच मोठा कार्बोरेटर बसवला, एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला, सायलेन्सर मोकळा केला. पिकअप वाढला, खोटं कशाला बोलू? पेट्रोल मोजून सोडणारा जेट कितीचा टाकला विचारलं तर म्हणे, "आवाजावरून समजते जी." पंचेचाळीस अंशांत हवा विरळ असते, तिला पेट्रोल कमी पुरतं, म्हणून ते खपून गेलं. डिसेंबरच्या सकाळी, नेरीच्या रस्त्यावर, हवा मेच्या मानाने दहा टक्क्यांहून जास्त दाट आणि जेट तोच. मूठ पूर्ण पिळलेली होती. आधी आवाज बारीक झाला, मग मागचं चाक जागीच लॉक. क्लचवर बोटं होती म्हणून हातपाय शाबूत आहेत.

तिथेच प्लग काढला. टोक चुन्यासारखं पांढरं. म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी, पिस्टन तापून धरलेला. पुरावा म्हणून तो प्लग मिस्त्रीच्या हातात दिला, तर या गृहस्थाने तो फडक्याने चकचकीत पुसला आणि खोक्यात टाकला! वर रिबोअरचे पैसे मागितले. माझा ब्लॉक 50 मिलिमीटरच्या मूळ बोअरचा होता. गाडीचं उत्पादन 1996 मध्येच थांबलं. तसा ब्लॉक आता कुठून आणू?

तुम्ही कार्बोरेटर बदलणारच असाल तर जेटवरचा नंबर स्वतः वाचून लिहून ठेवा. जेटला ड्रिल मारू देऊ नका. मोठ्या जेटपासून सुरुवात करून एकेक नंबर खाली या. थोडा धूर परवडतो, धरलेला पिस्टन नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर पूर्ण मुठीत पळवा, मूठ न सोडता क्लच दाबून चावी बंद करा आणि प्लग पाहा: चहाच्या रंगाचा बरा, काळा म्हणजे रिच, पांढरा दिसला तर तिथेच थांबा. अर्ध्या मुठीला गाडी अडखळत असेल तर जेट नव्हे, कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप सरकवा. क्लिप एक खाच खाली म्हणजे पेट्रोल जास्त. कार्बोरेटर बदलला की ऑइल पंपाची केबलही जुळवून घ्यावी लागते, हे मला कोणी सांगितलं नाही. थंडी सुरू झाली की प्लग पुन्हा तपासा. बाकी, मिस्त्री चांगला पाहा, घाई करू नका, हे सगळेच सांगतात.

आणि काढलेला प्रत्येक भाग मागून घ्या. माझा मूळ मिकुनी कार्बोरेटर मागितला तर उत्तर आलं, "भंगारात गेला असन." चालू कार्बोरेटर कोणताही मिस्त्री भंगारात टाकत नाही.