लहान देह, लहान मुदत

जनावरांची पारख कोल्हापूरच्या रक्तात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) येथे शिकारी चित्ते पाळले जात, हत्तींच्या साठमारीला अलोट गर्दी लोटे, आणि आजही गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभे राहून म्हशीच्या नुसत्या चालीवरून तिच्या प्रकृतीचे निदान करणारी माणसे या शहरात भेटतात. परंतु ही सारी विद्या मोठ्या जनावरांची. गेल्या काही दशकांत राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या भागांतील सदनिकांतून पॉमेरेनियन, पग, ल्हासा, शित्झू अशी जी इवलीशी कुत्री नांदू लागली आहेत, त्यांच्या दुखण्यांना तीच विद्या लावली जाते. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’, ‘एक दिवस लंघन घडू दे, आपोआप बरे होईल’ हे मोठ्या जनावराच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरणारे अनुभवाचे बोल तीन-चार किलोच्या जिवाला ऐकवले जातात, आणि तेथेच घात होतो. मोठ्या देहात पाण्याचा, साखरेचा, क्षारांचा काही साठा असतो व तो आटेपर्यंत आजार मुदत देतो. लहान देहाजवळ असा साठाच नसल्यामुळे तेथे आजाराची मुदत दिवसांत नव्हे, तासांत मोजावी लागते.

हे मला आमच्या राणीने शिकवले. ती साडेचार किलो वजनाची पांढरी पॉमेरेनियन होती. तिला चार पिल्ले झाली, ती तिसऱ्या आठवड्यात आली, डोळे उघडून अंथरुणाबाहेर रांगू लागली, आणि आता बाळंतपण निभावले अशा समाधानात घरातील मंडळी असतानाच एका रात्री राणी पिल्लांमधून उठली व माजघरात येरझारा घालू लागली. तोंड उघडे, धाप लागलेली, कान मागे ओढलेले. पाऊल टाकताना पाय सांध्यात वाकेनात. तिच्या मांडीवर तळहात ठेवला तेव्हा कातडीखाली स्नायू अखंड थरथरत असल्याचे जाणवले. ती थरथर इतकी बारीक होती की दाट केसांमुळे ती डोळ्यांना दिसत नव्हती, केवळ हाताला कळत होती. तापमापकाने १०५ अंश फॅरनहाइट दाखवले. शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, “आवं, थंडी भरलीया तिला. घोंगडीत गुंडाळा आन् शेगडीजवळ घ्या बगू.” आमचे थोरले बंधू कपाटातून तापाची गोळी काढून अर्धी करावी की पाव, या विचारात उभे होते. दोघांच्याही मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही इलाज राणीच्या जिवावर बेतू शकले असते.

दूरध्वनीवर डॉक्टरांनी लक्षणे पुरती ऐकूनही घेतली नाहीत. “पिल्लं किती दिवसांची झाली?” एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तर मिळताच म्हणाले, “पिल्लं आत्ताच्या आत्ता वेगळी करा. अंगावर पांघरूण घालू नका. तोंडात काही घालू नका, दूधसुद्धा नाही. आणि लगेच निघा.” दवाखान्यात त्यांनी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देण्यास आरंभ केला, तो अत्यंत संथपणे, उजव्या हाताने सिरिंजचा दट्ट्या सरकवीत असताना डाव्या हाताने छातीवर नळी धरून ते हृदयाचे ठोके ऐकत होते, ठोके मंदावले की हात थांबत होता, पूर्ववत झाले की पुन्हा चालू होत होता. कॅल्शियम घाईने शिरेत गेले तर हृदयच बंद पडते, म्हणून हे काम घरी किंवा अर्धशिक्षित माणसाच्या हातून कधीही होऊ देऊ नये. औषध उतरत गेले तसतसे तिचे ताठरलेले पाय सैल पडले, धाप ओसरली, आणि तापासाठी कोणतेही निराळे औषध न देता ताप उतरू लागला.

या दुखण्याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे, कारण कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस व्याल्यावर होणारा दुग्धज्वर ज्याने पाहिला नाही असे शेतकऱ्याचे घर विरळा. दोन्ही आजारांचे मूळ एकच: रक्तातील कॅल्शियम दुधावाटे निघून जाते आणि हाडांतून त्याची भरपाई वेळेवर होत नाही. परंतु बाह्य लक्षणे अगदी उलट. दुग्धज्वरात म्हैस थंड पडते, लुळी होऊन मान कुशीवर टाकते. कुत्री मात्र तापते आणि ताठरते. तिचा ताप जंतूंचा नसून अविरत आखडणाऱ्या स्नायूंनी निर्माण केलेली ती उष्णता असते, म्हणूनच तापाची गोळी तेथे निरुपयोगी व घोंगडी घातक. हा प्रकार लहान जातीच्या, अधिक पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीत विण्यानंतर दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे दूध ऐन भरात असताना, विशेषेकरून होतो आणि पुढच्या वेतालाही पुन्हा उद्भवू शकतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गाभणपणीच कॅल्शियमचे औषध पाजत राहणे हा यावरचा उपाय नसून एक कारण आहे. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतील साठा मोकळा करणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि व्याल्यानंतर एकाएकी मागणी वाढते त्या वेळी ती जागी होत नाही. गाभण कुत्रीस सकस आहार द्यावा. कॅल्शियम विण्यापूर्वी नव्हे, व्याल्यानंतर आणि तेही डॉक्टरांनी सांगितले तरच द्यावे.

आता बंधूंच्या हातातील त्या गोळीविषयी. पॅरासिटॅमॉल किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेले की कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी राणीच्या साडेचार किलो वजनाला किलोमागे १११ मिलिग्रॅम पडली असती. साठ किलोच्या माणसाने एका दमात तेराहून अधिक गोळ्या गिळाव्यात, असा तो हिशेब आहे. अर्ध्या-पाव गोळीचा हिशेब घरी मांडत बसण्याचेही कारण नाही, कारण आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या याहून पुष्कळ कमी मात्रेत जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. माणसांच्या औषधांचे कपाट कुत्र्यासाठी उघडायचे नाही, असा घराचा कायदाच असावा.

औषधांपेक्षाही अधिक अपघात स्वयंपाकघरात घडतात, आणि कोल्हापूरचे स्वयंपाकघर या बाबतीत विशेष जोखमीचे आहे हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्या प्रत्येक रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतो. कांदा व लसूण, कच्चे असोत, शिजवलेले असोत की वाळवून कुटलेले असोत, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. वाळवलेल्या मसाल्यात तर त्यांचा अंश एकवटलेला असतो. लक्षणे तत्काळ दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-काळसर होते, आणि तोपर्यंत रविवारी घातलेल्या रस्सा-भाताची आठवणही कोणास राहिलेली नसते. आषाढातल्या मटणाच्या पंगतीनंतर पशुवैद्यांकडे जी कुत्री येतात त्यांत दोन प्रकार असतात: शिजलेल्या हाडाची कपची घशात किंवा आतड्यात रुतलेली, आणि चरबीयुक्त रश्श्याने स्वादुपिंडाचा दाह झालेली. दुसऱ्या प्रकारात कुत्रे पुढचे पाय पसरून, पार्श्वभाग वर करून जणू नमस्कार घातल्यासारखे अवघडून उभे राहते आणि सारखे ओकत राहते. ही पोटदुखीची मुद्रा आहे. तिला खेळ समजू नये.

तासगावचे बेदाणे आपल्याकडे खिरीत, लाडवात, प्रसादात सर्रास असतात. द्राक्षे व बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात, आणि कोणत्या कुत्र्यास किती बाधतील याचा नेम नाही. अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ साली असे अनुमान मांडले की हा दोष द्राक्षांतील टार्टारिक आम्लाचा असावा. आणि हे आम्ल आपल्या आमटीतल्या चिंचेत तर द्राक्षांहूनही विपुल असते. तेव्हा चिंचेचा कोळही कुत्र्याच्या वाट्याला जाऊ देऊ नये. चॉकलेट, तसेच मधुमेहींच्या बिनसाखरेच्या गोळ्यांतील झायलिटॉल, यांचीही गणना याच यादीत करावी. झायलिटॉलने लहान कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या तासातही कोसळू शकते.

कुत्र्याने काही विषारी खाल्ले की ‘मीठ-पाणी पाजून ओकारी काढा’ असा सल्ला चहूकडून येतो. तो पाळू नये. एवढ्याशा देहात तेवढे मीठ स्वतःच विष होते, आणि ओकारीचा अंश श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसे सुजतात. ओकारी काढायची किंवा नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि त्यासाठी सुमारे दोन तासांच्या आत त्यांच्यापुढे पोहोचावे. सोबत विषाचे वेष्टन न्यावे. उंदीर मारण्याचे ब्रोमॅडायोलोन खाल्लेले कुत्रे तीन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसते आणि मग एकाएकी आतून रक्तस्राव सुरू होतो. वेष्टन पाहून वेळीच जीवनसत्त्व के-१ सुरू केले तर बहुधा ते बचावते. हे वेष्टन कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये.

अगदी कोवळ्या पिल्लांचे आणखी एक संकट रक्तातील साखर घसरण्याचे. तीन महिन्यांखालील इवल्या जातीचे पिल्लू काही तास उपाशी राहिले, थंडीत गारठले किंवा जंतांनी पोखरले, तर ते पेंगू लागते, डुलते, झटके देते. त्या क्षणी मध, ग्लुकोजचे दाट पाणी किंवा घरात असेल ती काकवी बोटाने हिरड्यांना चोळावी आणि पिल्लाला ऊब देत दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पातळ पदार्थ ओतू मात्र नये. रक्तमिश्रित, उग्र दुर्गंधीचे जुलाब म्हणजे पार्व्हो या विषाणूरोगाची दाट शंका. तेथे उसंत घेणे नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने लसी पुऱ्या केल्या तर हे दुखणे सहसा टळते. रेबीजची लस तर कायद्याने व माणुसकीने दोहोंनीही अनिवार्य मानावी.

ज्या घरी म्हशी आहेत तेथे आणखी एक गोष्ट घडते. गोचीड मारण्यासाठी गोठ्यात फवारायचे औषध उरले की तेच कुत्र्याला चोळतात. म्हशीच्या मापाचे ते औषध लहान कुत्र्याच्या मज्जासंस्थेवर झडप घालते: लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. असे झाल्यास आधी साध्या साबणाने व कोमट पाण्याने अंग स्वच्छ धुवावे, आणि मग निघावे. गोचिडांचा बंदोबस्त अर्थात केलाच पाहिजे. नाकातून रक्त, पोटावर तांबडे ठिपके, उतरून पुन्हा चढणारा ताप ही त्यांनी आणलेल्या रक्तरोगांची चिन्हे असतात. चैत्र-वैशाखात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ऊन बाधले तर साधे पाणी पोटावर व पायांवर ओतून पंखा लावावा, बर्फ वापरू नये, आणि ताप १०३ अंशांवर आला की पाणी थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. खोकताना बदकासारखा आवाज येत असेल तर श्वासनलिका कमकुवत झाली असण्याचा संभव असतो. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा पट्टा वापरावा.

हे सारे ओळखायचे तर निरोगी कुत्रे कसे असते याची नोंद आधीपासून हवी. माझ्या मते घरातला खरा इलाज तो हाच, बाकीचे डॉक्टरांचे काम. कुत्र्याचे सर्वसाधारण तापमान १०१ ते १०२.५ अंश, झोपेतले श्वास मिनिटास तिसांच्या आत, हिरडी गुलाबी, आणि बोटाने दाबून सोडली तर दोन सेकंदांच्या आत रंग परत येणारी. दरमहा वजन करावे. साडेचार किलोच्या कुत्र्याचे अर्धा किलो घटणे ही लहान गोष्ट नव्हे. रात्री कोणते डॉक्टर दूरध्वनी उचलतात, कोणाकडे वाहन आहे, याची चौकशी निरोगी दिवसांतच करून ते कागदावर लिहून दाराशी लावावे. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, गुंतागुंतीच्या दुखण्यांसाठी शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण ते दीडशे किलोमीटरांच्या वर दूर, तेव्हा रात्री बारा वाजता उपयोगी पडतो तो आपल्या पेठेतलाच माणूस.

शेवटी पावसाळा. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी गाठते व ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली ते ५५ फुटांपलीकडे गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांत लोकांनी कुत्र्यांना खांद्यावर घेऊन पाण्यातून वाट काढली. त्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून आलेले लेप्टोस्पायरा जंतू असतात. पंजाच्या बारीकशा चिरेतूनही ते शरीरात शिरतात, ताप, ओकाऱ्या व कावीळ आणतात, मूत्रपिंडे बंद पाडतात, आणि कुत्र्याच्या लघवीवाटे माणसांनाही लागतात. लेप्टोची लस पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा टोचावी लागते व पुढे दरसाल. म्हणून ती एप्रिल-मेमध्येच पुरी करावी, लसीकरणाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे, आणि पाणी ३९ फुटांवर आल्याची बातमी कानी पडताच, घर सोडण्याची वेळ आली नसली तरी, कुत्र्याला नेण्याची टोपली, चार दिवसांचे खाणे व चालू औषधे दाराशी आणून ठेवावीत.